भिंतीवरची पहिली पोळी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, लेकीला नाही, देवालाही नाही — देवापुढे हात जोडले की मला आज भाजी कोणती करायची एवढंच आठवतं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे ह्या वसाहतीत, राहत नाही. समोर बसल्यासारखं ऐका. मध्ये मात्र काही बोलू नका, नाहीतर मी विषय बदलीन — ती कला मला चांगली येते.

आणि आधीच सांगून ठेवते, मी सुखी बाई आहे. असल्या गोष्टी मनात असलेली माणसं म्हणे झोपेविना तळमळतात. मी नाही तळमळत. पाठ टेकली की डोळा लागतो. गुडघे बरे आहेत, लेक पुण्यात मजेत आहे, संध्याकाळी ओट्यावर बसलं की गोरेवाड्याच्या जंगलाकडून वारा येतो. माणसाला आणखी काय हवं? तेव्हा रडत रडत काही ऐकायला मिळेल अशी आशा असेल, तर सोडून द्या.

मंदाबद्दल आहे हे. मंदा म्हणजे माझी शेजारीण, माझी मैत्रीण. पण मंदापर्यंत पोचायचं तर मला पोळीवरून जावं लागेल — इलाज नाही.

आम्ही शहरात, महाल भागात राहत होतो तेव्हा सासूबाईंचा एक नियम होता. तव्यावरची पहिली पोळी गायीची. तिला तुपाचं बोट लावायचं, वर गुळाचा खडा ठेवायचा आणि दारात जायचं. गाय तिच्या वेळेवर यायची, आपल्या घरची असल्यासारखी उभी राहायची, खाऊन पुढच्या दाराला जायची. सासूबाई गेल्या. त्यांचे बाकीचे नियम मी हळूहळू गुंडाळले, हा एवढा राहिला. भक्तीनं राहिला असं नाही. हात आपोआप पहिली पोळी बाजूला काढतो, त्याला मी काय करू?

मग हे नोकरीतून निवृत्त झाले, मीही शाळेतून सुटले, आणि काटोल रोडच्या पुढे, अगदी जंगलाच्या कडेला आम्ही घर बांधलं. हवा चांगली, पाणी चांगलं, शेजार चांगला. फक्त गाय नाही! लेआउटमध्ये गुरं आणायचीच नाहीत असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं. आता पोळीचं काय करायचं? काही दिवस ती डब्यात साठली, वाळून खडंग झाली. कचऱ्यात टाकायला जीव धजेना. शेवटी आमच्या आणि मंदाच्या घरामधल्या भिंतीवर ठेवून दिली — कावळा नेईल, खार नेईल, ज्याच्या नशिबात असेल तो नेईल. दुसऱ्या दिवशी भिंत स्वच्छ.

कोण नेतं ते पाहायला एकदा उजाडताना स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिले. चितळ होतं. मादी. मंदाच्या बाजूनं आली, मान उंच केली, आणि ओल्या नाकानं पोळी वास घेत घेत ओढली. गूळ आधी खाल्ला. तुम्ही कधी हरणाला गूळ खाताना पाहिलंय? डोळे अर्धे मिटतात हो त्याचे! मी तिथं उभी, हात पिठाचे, आणि मला हसू आलं, की गायीची पोळी गायीलाच पोचते आहे, फक्त गाय ठिपक्यांची निघाली.

त्या दिवसापासून मी पहाटेच कणीक भिजवायला लागले. हे त्या वेळी फिरायला जायचे, त्यामुळे घरात विचारणारं कोणी नव्हतं. मंदानं एकदा भिंतीपलीकडून विचारलं होतं, "काहून वं शोभा, एवढ्या पहाटे पोळ्या करून राहिली?" मी म्हटलं, "ह्यांले भूक लागते ना लवकर." खोटं. पण हे ते खोटं नव्हे — त्याला अजून वेळ आहे.

खरं सांगू? ते माझ्या आयुष्यातले फार गोड दिवस होते. एकाची दोन झाली, मग एक शिंगवाला नर यायला लागला — मोठा, जरा घमेंडी, आमच्या मुख्याध्यापकांसारखा मान मागे टाकून चालायचा. मी पोळ्या वाढवल्या. एकीच्या जागी दोन, मग तीन. उभा जन्म मी नवऱ्याला, पोरीला, सासू-सासऱ्यांना वाढलं, पण खिडकीत उभं राहून आपलं वाढलेलं कोणी खाताना बघावं, ही चैन मला पहिल्यांदाच मिळाली.

पण हरणं काही फक्त पोळी खाऊन परत जात नाहीत. एकदा यायची वाट कळली की सगळ्या घरांच्या बागा आपल्याच. कोणाचे गुलाब बुंध्यापर्यंत खाल्ले, कोणाचं जास्वंद. कोणाच्या आंब्याच्या कलमाला शिंगं घासून साल सोलली. एका नव्या गाडीच्या टपावर खुरांचे खळगे पडले. ओरड सुरू झाली, आणि लेआउटच्या कमिटीचे सेक्रेटरी कोण? आमचे हे. ह्यांना असं काही काम सापडलं की दहा वर्षांनी तरुण होतात. बैठका झाल्या. फाटकाशी बोर्ड लागला — 'वन्य प्राण्यांना खायला घालू नये'. गावाकडे रोही, म्हणजे नीलगाय, शेतात येऊ नये म्हणून कुंपणाला जुन्या साड्या बांधतात, तसं ह्यांनी आमच्या बागेभोवती बांधलं. साड्या कोणाच्या? माझ्या. आणि भिंतीच्या त्या एका कोपऱ्यातली साडी मी हळूच थोडी सरकवून ठेवली, म्हणजे पोळी ठेवायला हात जाईल.

आहे की नाही कमाल? नवरा बोर्ड लावतो आहे, आणि बायको पहाटे तीन पोळ्या घेऊन खिडकीत.

पुढे ह्यांनी एका विमा एजंटला लेआउटमध्ये आणलं. घराचा विमा काढा म्हणून दारोदार स्वतः हिंडले. मंदाकडे आम्ही दोघं गेलो होतो. तिचं घर तुम्हाला दाखवायला हवं होतं, म्हणजे तेव्हाचं. मंदा सरकारी दवाखान्यात नर्स होती, सगळी नोकरी रात्रपाळ्यांत गेली. नवरा लवकर गेला, मुलगा बुटीबोरीला कारखान्यात. निवृत्त झाल्यावर तिनं जे होतं नव्हतं ते लावून हे घर बांधलं, आणि त्यात एकच हौस केली. हॉलची जंगलाकडची अख्खी भिंत काचेची. वरपासून खालपर्यंत. दिवाणावर पडलं की समोर फक्त झाडं. "सारी जिंदगी वॉर्डातल्या भिंती पाहिल्या वं," म्हणायची, "आता मले पडल्या पडल्या झाडं दिसले पाहिजे." सकाळी ती तिथं चहा घेऊन बसायची आणि एक शब्द बोलायची नाही. नर्सबाई गप्प बसलेली पाहायची तर तिथंच.

तिनं एजंटला एकच प्रश्न विचारला. काच धरतात का? तो म्हणाला, "बाहेरून काही येऊन घरावर आदळलं, तर धरते ना ताई." मंदा हसून म्हणाली, "अन् हरीण आदळलं तर?" एजंटही हसला. "हरीणही बाहेरूनच येते."

सगळे हसलो. मीसुद्धा. आणि मंदानं तिथंच विमा काढला.

आता येते मी तिथं. थांबा — जरा पाणी पिते.

थंडीचे दिवस होते. हे फिरायला गेलेले. मी पोळ्या ठेवल्या, तो नर आला. आमच्या बाजूला साड्या फडफडत होत्या, म्हणून तो नेहमीसारखा मंदाच्या अंगणातूनच भिंतीशी आला. एक पोळी खाल्ली, दुसरी अर्धी. तेवढ्यात दूधवाल्यानं फाटकाशी हॉर्न वाजवला, जोरात. नर उसळला. पळायचं होतं त्याला जंगलाकडे, पण वळला तो घराकडे. त्या वेळी मंदाच्या काचेत सगळं जंगल दिसत होतं — झाडं, उजेड, सगळं जसंच्या तसं. बिचाऱ्याला वाटलं, तेच जंगल.

तो आवाज मी सांगू शकत नाही. काच फुटण्याचा आवाज आपण ऐकलेला असतो, पण अख्खी भिंत पडण्याचा नाही. मग आत धडपड, टीव्ही पडल्याचा आवाज, शोकेस पडल्याचा, आणि मग तो त्याच भगदाडातून बाहेर आला आणि नाल्याकडे गेला. जगला तो, पुढे नाल्याशी दिसला. मंदा मागे न्हाणीत होती म्हणून वाचली. रोज त्या वेळी ती दिवाणावर असते. त्या दिवशी पाणी तापायला उशीर झाला होता, एवढंच.

मी धावत गेले. दोघींनी मिळून काचा गोळा केल्या. मंदा स्वतः अनवाणी होती, पण मलाच सांगत होती, "चप्पल घाल वं शोभा, पायात घुसन." नर्स ना.

त्याच दिवशी दुपारी विमा कंपनीचा माणूस आला पाहणीला. मंदा आत काचा झाडत होती. हे आणि मी त्याला अंगण दाखवत होतो — म्हणजे हे दाखवत होते, सेक्रेटरी म्हणून. त्यानं मोबाईलवर फोटो काढले. मग मधल्या भिंतीशी आला आणि थांबला. भिंतीवर दीड पोळी होती.

त्या गोंधळात मी ती उचलायला विसरले होते. तुपाचा डाग ऊन लागून चमकत होता. गुळावर मुंग्या.

त्यानं विचारलं, "मॅडम, इथं हरणांले कोणी खायले घालते का?" हे लगेच म्हणाले, "छे! बोर्ड लावून ठेवला ना आम्ही." तो म्हणाला, "मग हे पोळी कोणाची? पाहा, घरच्यांनीच खायले टाकून सवय लावली असन, तर कंपनी पैसे नाही देत." तो काही दरडावून बोलला नाही. सहज बोलला, जसं औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाचून दाखवावं.

आणि मी म्हटलं —

नाही, एक मिनिट. तुम्हाला कळायला हवं की विचार करायला मला वेळ होता. पुष्कळ होता. मी म्हणू शकले असते, माझी. पहिली पोळी, गायीची. एवढे तीन-चार शब्द. काय झालं असतं? बोर्डावरून लोक हसले असते. ह्यांची सेक्रेटरीगिरी गेली असती, चार दिवस अबोला झाला असता. आणि मंदाला तिची काच मिळाली असती, कारण तिनं तर कोणाला सवय लावलीच नव्हती. एका पारड्यात माझ्या नवऱ्याची फजिती आणि दुसऱ्यात मंदाची काच. मी तोललं. घाबरून तोंडातून निघून गेलं असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण मी नीट तोललं.

मी म्हटलं, "मंदाताई टाकत असन. संत्र्याच्या साली पण टाकते ना ते, तिकडं खड्ड्यात."

संत्र्याच्या साली ती खतासाठी टाकायची. मातीखाली दाबून. हे मला माहीत होतं, तिनंच मला ते खत माझ्या कुंड्यांना दिलं होतं. आणि पोळी? मंदाचं घर बौद्ध आहे. गायीची पोळी काढायची चालच नाही तिच्याकडे. तूप लावलेली, गुळाचा खडा ठेवलेली पहिली पोळी आमच्याशिवाय त्या भिंतीवर ठेवणार कोण? विमा कंपनीच्या माणसाच्या ते डोक्यात आलं नाही. पण ह्यांच्या? आईच्या हातची ती पोळी लहानपणापासून पाहिलेले हे — ह्यांना कळलं नसेल? ह्यांनी पोळीकडे पाहिलं, मग आपल्याच बोर्डाच्या दिशेनं पाहिलं, आणि घसा साफ केला. मग त्या माणसाला फाटकापर्यंत पोचवायला गेले. मी कधी विचारलं नाही. आमच्या संसारात न विचारलेल्या गोष्टींना एक वेगळं कपाट आहे, त्यात तीही ठेवली.

तो माणूस गेल्यावर मी पोळी उचलली, कुस्करली आणि तुळशीत टाकली. मंदाला ती दिसलीच नाही.

मंदाचा दावा नामंजूर झाला. घरमालकानंच खाद्य टाकून प्राण्यांना सवय लावली, असं कारण. मुलानं फोन केले, चकरा मारल्या, काही झालं नाही. मंदा वनखात्यात जाऊन आली, ते म्हणाले, पिकाचं देतो, काचेचं नाही. लेआउटच्या बैठकीत विषय निघाला. तिथं आमच्या ह्यांनी — फार सौम्य आवाजात — म्हटलं, "ताई, तुमच्यासारख्या शिकल्या-सवरल्या बाईनं तरी असं नव्हतं करायले पाहिजे." मंदा खाली पाहत ऐकत होती. तिनं विचारायला हवं होतं ना, की कोण म्हणालं, कोणी पाहिलं? नाही विचारलं. मी तिच्या शेजारीच बसले होते. तिच्या पाठीवर हात ठेवून.

तो हात माझा होता, हेही सांगून ठेवायला हवं.

इतकी मोठी काच पुन्हा बसवणं तिला झेपणारं नव्हतं. तिनं तिथं विटांची भिंत बांधली. वर एक लहान खिडकी ठेवली, लोखंडी जाळीची, उजेडापुरती. दिवाणावर पडलं की आता समोर गिलावा दिसतो. पांढरा रंग दिलाय तिनं. वॉर्डात असतो तसा.

हरणं आता येत नाहीत. मी पोळ्या ठेवणं त्याच दिवशी बंद केलं. पहिली पोळी मी आता दूधवाल्याकडे देते, त्याच्या घरी गाय आहे. तो रोज सकाळी माझ्या दाराशी येतो, आधीही यायचा. इतकं सोपं होतं ते. सुचलं नव्हतं अशातली गोष्ट नाही — सुचलं होतं. पण मग डोळे मिटून गूळ खाणारं ते चितळ मला कुठून दिसलं असतं?

तुम्ही म्हणाल, नंतर तरी. नंतर सांगता आलं असतं. हो, आलं असतं. कंपनीच्या माणसाचा नंबर ह्यांच्या फोनमध्ये होता. एकदा मी मंदाकडे तेच ठरवून गेले. तिनं चिवडा केला होता, कच्चा, आपल्या पद्धतीचा, भरपूर कांदा घालून. मी दोन वाट्या खाल्ल्या आणि परत आले. मग दिवस गेले, आणि दिवसांनी त्याच्यावर बरीच माती टाकली. मैत्री उलट घट्ट झाली. लेआउटमधल्या चार जणी तिच्याशी जरा तुटक वागायला लागल्या, त्यामुळे ती माझ्याकडेच जास्त यायला लागली. आम्ही आता रोज संध्याकाळी सोबत फिरतो. माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा थेंब घालायला तीच यायची, लेकीच्या वर. मला तिच्याशिवाय करमत नाही. हे सगळं खरं आहे, आणि हे सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे, हेही खरं आहे. मला त्यात राहायला काही त्रास होत नाही. हेच मला तुम्हाला सांगायचं होतं बहुतेक.

म्हणजे — नाही. हे नाही. अजून एक राहिलंय. मी पुन्हा वळसा घातला.

परवा तिच्याकडे बसले होते. दिवसाही दिवा लावावा लागतो आता त्या हॉलमध्ये. ती चहा गाळत होती आणि मध्येच थांबली. म्हणाली, "शोभा, एक गोष्ट बोलू का वं? माझंच चुकलं ते. मी म्हणत होती का साली मातीत दाबल्या का काही होत नाही. पण वास तर येतच असन ना त्यायले. मीच सवय लावली त्या मुक्या जनावरायले. माझी काच गेली ते गेली, भाऊजींची पण लोकांत नामुष्की केली मी. तेवढा बोर्ड लावून राहिले होते बिचारे. मले अजून वाईट वाटते."

गाळणी तिच्या हातात तशीच होती. खाली चहा ठिबकत होता.

तिनं ते सगळं घेतलं होतं. मी टाकलं आणि तिनं उचललं, आणि इतके दिवस आपलं म्हणून सांभाळलं. रात्री दिवाणावर पडून त्या गिलाव्याकडे बघत ती आपल्या साली मोजत असणार, कुठली नीट दाबली नाही म्हणून. मी मात्र भिंतीच्या अलीकडे गाढ झोपलेली.

बोलायची हीच वेळ होती, याहून चांगली कधी आली नव्हती, पुढे येणार नाही. दार तिनंच उघडलं होतं. मला फक्त तोंड उघडायचं होतं.

मी उघडलं. म्हटलं, "जाऊ दे वं मंदा. होते माणसाकडून. आम्ही कोणी मनात नाही ठेवलं."

मी तिला माफ केलं.

तिचे डोळे भरून आले. कप माझ्या हातात देताना तिनं माझी बोटं दाबली आणि म्हणाली, "तुझ्यासारखं मन नाही वं कोणाचं." तिचा चेहरा खरंच हलका झाला होता, किती दिवसांनी. आणि खोटं कशाला सांगू — तिला तसं पाहून मलाही बरं वाटलं.